वायबीसीओमध्ये चांदी मिसळताय? या चुका टाळा

वायबीसीओ म्हणजे यट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं अतिसंवाहक संयुग; पुरेसं थंड केलं की त्याचा विद्युतरोध शून्य होतो. त्याच्या पेलेटमध्ये (पूड दाबून भाजलेल्या गोळीत) चांदी घातली आणि फोर प्रोबवर (चार टोकांनी रोध मोजायच्या उपकरणावर) खोलीच्या तापमानाचा रोध उतरलेला दिसला, की मुलं लगेच लिहून मोकळी होतात: ‘चांदीने अतिसंवाहकता सुधारली.’ सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. चांदी वायबीसीओच्या स्फटिकात फारशी शिरत नाही. बहुतेक चांदी कणांच्या मधल्या फटींत, कणसीमांवर जाऊन बसते. तिथे धातूची वाट मिळाली की रोध उतरणारच, मग आतला अतिसंवाहक होता तसाच का असेना. म्हणूनच साध्या वायबीसीओचं सुमारे 92 केल्विनचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते अतिसंवाहक होतं ते तापमान, चांदीने फारसं हलत नाही.

चांदीची खरी मदत होते ती एका कणातून दुसऱ्यात प्रवाह जायला. ते पाहायचं तर 77 केल्विनला, द्रव नायट्रोजनमध्ये, प्रवाह हळूहळू वाढवत क्रांतिक प्रवाह (रोध न येता जास्तीत जास्त जाऊ शकणारा प्रवाह) मोजा. रोध-तापमानाच्या आलेखातही रोध कुठे घसरायला लागला एवढंच नोंदवू नका, शून्यावर कुठे आला तेही लिहा. कणांमधले सांधे कच्चे असतील तर घसरण 92 च्या आसपास सुरू होऊन खाली लांब शेपूट राहते, म्हणजे रोध बराच खालच्या तापमानाला जाऊन शून्यावर येतो. चांदीचं काम त्या शेपटीत दिसतं. मात्र भरमसाट चांदी घातली तर कणच एकमेकांपासून तुटतात आणि क्रांतिक प्रवाह पुन्हा पडतो.

चांदी असलेलं मिश्रण कमी तापमानाला वितळू लागतं, हे विसरून साध्या पेलेटचाच फर्नेस प्रोग्रॅम लावला तर पेलेट वितळून खचतं, बोटीला (फर्नेसमध्ये पेलेट ठेवायच्या पात्राला) चिकटतं. प्रोग्रॅमचं तापमान थोडं खाली आणा.

आपल्या कोकणात पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि वायबीसीओला तर सावकाश थंड व्हायला हवं. साधारण 450 अंश सेल्सिअसच्या आसपास ते ऑक्सिजनमध्ये बराच वेळ राहिलं, तरच पुरेसा ऑक्सिजन आत घेतं. मधेच फर्नेस बंद पडली की सॅम्पल ऑक्सिजनविना राहतं, क्रांतिक तापमान खाली येतं, आणि दोष बिचाऱ्या चांदीवर जातो. असं पेलेट फेकू नका. पुन्हा त्याच तापमानाला ऑक्सिजनच्या प्रवाहात ठेवलं की बहुधा सावरतं.

दमट हवा याहून वाईट. पाणी लागलं की वायबीसीओ विघटित होतं. बेरियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं कार्बोनेट बनतं. पेलेटवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखं दिसतं ते हेच. सॅम्पल कोरडं ठेवायच्या बंद भांड्यातलं, म्हणजे डेसिकेटरमधलं, ओलावा शोषणारं सिलिका जेल गुलाबी झालं, तर तो डेसिकेटर नव्हेच. जेल ओव्हनमध्ये पुन्हा निळं करून घ्या. द्रव नायट्रोजनमधून काढलेलं पेलेट तसंच टेबलावर ठेवलंत तर क्षणात त्यावर दव धरतं. ते ड्युअरच्या (द्रव नायट्रोजनच्या थर्मासच्या) तोंडाशी, नायट्रोजनच्या वाफेत धरून सावकाश वर आणा, मग कोमट कोरडी हवा द्या.

मोजताना प्रवाहाची दिशा उलटवून दोन्ही वाचनं घ्या. तारांच्या सांध्यांवर तापमान वेगळं असलं तर तिथे मायक्रोव्होल्ट तयार होतात, आणि शून्य रोध शून्य दिसत नाही. थर्मामीटर पेलेटला टेकलेला हवा. चांदीच्या प्रत्येक सॅम्पलसोबत बिनचांदीचं एक पेलेट त्याच फर्नेसमध्ये, त्याच वेळी भाजा. लाईट गेली तर दोघांचीही जाईल आणि तुलना तरी खरी राहील.