ग्लास फिश पाळताय? या चुका टाळा

ग्लास फिश घरी आणला की पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते: खात नाही, झाडामागे दडून बसतो, अंग चोरतो. बहुतेक वेळा मासा आजारी नसतो, टाकीतला कारभार त्याच्या सवयींच्या उलट चाललेला असतो. काचेसारख्या आरपार अंगाचा हा छोटा मासा आपल्याच उपखंडातला. संथ ओढे, तळी, पाणी साचलेली भातखाचरं ही त्याची घरं. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पॅराम्बॅसिस रंगा हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव.

सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. पाठीवर आणि पोटाकडे गुलाबी, हिरव्या, निळ्या चमकदार रेघा असलेले ग्लास फिश दिसले तर ते घेऊ नका. तो रंग त्यांचा नाही, सुईने अंगात टोचलेला असतो. इतक्याशा माशाला ती सुई केवढी मोठी, हे त्याच्याकडे नीट पाहिलं तरी कळतं. ब्रिटनमधल्या दुकानांत तपासणी झाली तेव्हा रंगवलेल्या माशांपैकी ४० टक्क्यांहून अधिक माशांत लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य रोग दिसला, न रंगवलेल्यांत सुमारे १० टक्के. शिवाय रंग काही महिन्यांत फिका पडतोच. गिऱ्हाईक मिळत राहील तोवर हा प्रकार थांबणार नाही, म्हणून साधाच मासा मागून घ्या. त्याचा कणा आणि पोटातली चंदेरी पिशवी आरपार दिसते, तीच त्याची खरी शोभा आहे.

परांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी आल्या तर तो बहुधा हाच लिम्फोसिस्टिस. त्यावर औषध नाही, उगाच बाटल्या ओतू नका. मासा वेगळा ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा, चांगलं खाऊ घाला. गाठी बहुतेकदा हळूहळू आपोआप जातात.

‘टाकीत मीठ टाका’ हा सल्लाही सर्रास मिळतो. गरज नाही. हा गोड्या पाण्यातला मासा आहे. मिठाने त्याचं भलं होत नाही, वर टाकीतल्या वनस्पती मात्र जळतात. खरी गरज असते ती मुरलेल्या टाकीची, म्हणजे काही आठवडे चालून घाण पचवणारे जिवाणू तयार झालेल्या टाकीची. नव्या, कालच भरलेल्या टाकीत माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो आणि हा नाजूक मासा आधी बळी पडतो. दर आठवड्याला थोडंच पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून.

फ्लेक्स (सुक्या खाद्याच्या पातळ चकत्या) टाकले आणि ते तळाशी कुजले, तर माशाला हट्टी म्हणू नका. निसर्गात तो पाण्यातले किडे, डासांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव टिपतो. हलत नाही ते त्याला अन्न वाटतच नाही. सुरुवातीला जिवंत किंवा गोठवलेला डॅफ्निया, आर्टेमिया (दोन्ही बारीक कवचधारी जीव) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. खाल्लं की नाही हे पोटाकडे पाहूनच समजतं.

एक-दोन मासे ठेवू नका, किमान सहा हवेत. एकट्यादुकट्याला धीर होत नाही, कळपात तेच मासे मोकळ्या पाण्यात येतात. गडद वाळू, हायड्रिला किंवा वॅलिसनेरियासारख्या दाट पाणवनस्पती, मंद उजेड आणि स्पंज फिल्टरचा हलका प्रवाह असू द्या. दांडगे, परं कुरतडणारे सोबती नकोत. काचेसारखं अंग दुधाळ दिसू लागलं तर लगेच पाणी तपासा.

अंडी मिळवणं तसं सोपं आहे. या माशाची वीण पावसाळ्यातली, त्यामुळे थोडं ताजं, गार पाणी मिळालं आणि सकाळचं ऊन टाकीवर आलं की जोड्या बारीक पानांत अंडी टाकतात. साधारण दिवसभरात पिल्लं फुटतात. अडचण पुढे असते. ती अतिशय बारीक असतात आणि अन्नामागे धावत नाहीत, तोंडासमोर आलेलं तेवढं टिपतात. अंड्यातला पिवळा बलक घातला तर पाणी नासतं आणि पिल्लं उपाशीच राहतात. सूक्ष्म जीवांचं हिरवं पाणी आधीपासून तयार ठेवा आणि अगदी हळू हवा सोडून ते अन्न टाकीभर फिरतं ठेवा.