भूपट्ट शिकवायचे तर आधी शिवणाचा दोरा आणा

मी अंधेरी पश्चिमेला घरीच नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांचा, धडा आला की पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि ‘म्हणजे आपण आत्ता हलतोय का?’ असं विचारलं की गप्प. त्यामुळे पहिल्या तासाला मी पुस्तक उघडूच देत नाही.

धड्याच्या महिनाभर आधी प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. मुलगे कुरकुरतात; त्यांना कानशीने हलकीशी खूण करू द्या. महिन्याने पट्टीने मोजलं की रेघ साधारण तीन मिलिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे वर्षाला साडेतीन-चार सेंटिमीटर. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. नखापेक्षा जरासा चपळ, इतकंच.

मग कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बाई, खाली लाव्हाचा समुद्र आहे ना?’ नाही. हा घोटाळा ‘भूपट्ट तरंगतात’ या वाक्याने केलाय. भूपट्टांखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, बहुतांशी घन खडकाचा आहे. प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली तो अतिशय सावकाश वाहतो. रस्त्याच्या कामावरून डांबराचा गोळा आणा. हातोडा मारला तर तुकडे उडतात, पण तोच गोळा ताटलीत ठेवून गच्चीवर मे महिना काढू द्या, हळूहळू पसरतो. ताटली जुनी घ्या. माझी एक चांगली गेली.

आता दोरा. पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्ताभोवती तो गुंडाळून लांबी मोजा. खऱ्या पृथ्वीवर ती ४०,००० किलोमीटर. माझ्या गोलावर ८० सेंटिमीटर भरते, म्हणजे एक सेंटिमीटर ५०० किलोमीटरचा. मग मुंबईपासून रियुनियन बेटापर्यंत दोरा ताणा. मॉरिशसच्या डावीकडचा ठिपका तो. माझ्याकडे ९.६ सेंटिमीटर येतात, म्हणजे ४,८०० किलोमीटर. का मोजायचं? रियुनियनखाली हॉटस्पॉट आहे, म्हणजे खोलवरून तप्त शिलारस वर येत राहणारी जागा (शब्द उच्चारला की पोरं मोबाइल काढतात, तेवढं सोसा). तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूपट्ट त्यावरून जात होता आणि दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, त्याच शिलारसातून आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे त्याच वाटेवर लक्षद्वीप-मालदीवची रांग उमटली.

४,८०० किलोमीटरचे सेंटिमीटर होतात ४८ कोटी. इथे निम्मा वर्ग शून्यं हरवतो. हरवू द्या, पण फळ्यावर पुन्हा मांडून घ्या. ४८ कोटी भागिले ६.६ कोटी, वर्षाला सात सेंटिमीटरांहून थोडं अधिक. लगेच हात वर येतो: आज तर पाचच! हाच प्रश्न हवा असतो. भारत एके काळी वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहूनही वेगाने धावत होता, पुढे आशियाला धडकला, हिमालय उचलला आणि मंदावला. सात ही सरासरी, तीही ढोबळ, कारण हॉटस्पॉटही अगदी जागच्या जागी राहत नाही.

त्यानंतरच्या रविवारी गिल्बर्ट हिल, आमच्या अंधेरीतलीच कातळाची टेकडी. सकाळी सातला जा. मी एकदा अकराला नेलं होतं आणि कातळाने तळवे भाजले. वर गावदेवीच्या देवळात जाण्याआधी पायथ्याशीच पोरांना थांबवा आणि जवळजवळ ६० मीटर उंचीचे ते उभे बेसॉल्टचे खांब नुसते बघू द्या. तळं आटलं की चिखल आक्रसून भेगाळतो, तसा हा रस निवताना आक्रसला आणि भेगा आतवर गेल्या.

उरलं या लाव्हाच्या थरांच्या कलण्याचं प्रकरण. पुण्याच्या गाडीत कर्जत सुटलं की खिडकी पोरांना द्या. घाटातले लाव्हाचे थर जवळपास आडवे, पायऱ्यांसारखे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला. तेच थर पनवेलच्या आसपास वाकतात आणि मुंबईत समुद्राकडे कललेले सापडतात. सेशेल्सचा, म्हणजे हिंदी महासागरातल्या त्या बेटांचा, तुकडा आपल्यापासून तुटून गेला त्या ओढाताणीची ही खूण. तेव्हा घरी परतल्यावर तोच दोरा मुंबईपासून सेशेल्सपर्यंत लावायला द्या, वर्षं ६.३ कोटी धरायला सांगा, आणि या वेळी भागाकारात मदत करू नका.