आधी नेहमीची लकब हेरा

समुपदेशनाला आलेल्या माणसाला थेट दुखण्याचं विचारू नका. आधी पेरणी, पाऊस, एसटी वेळेवर मिळाली का, असं बोला. तेवढ्यात त्याचा नेहमीचा आवाज, बोलण्याचा वेग, हातांची ठेवण कळते; पुढचा फरक त्याच्याशीच ताडायचा. सोयाबीनबद्दल भडाभडा बोलणारे काका कर्जाचा विषय निघताच "सगळं बरं हाय" म्हणतात आणि उपरण्याचं टोक पिळत राहतात, तेव्हा थांबा. "कर्जाचं निघालं अन् आवाज बसला तुमचा," एवढंच म्हणा. अर्थ त्यांना लावू द्या.

नोंदीत 'अस्वस्थ' लिहू नका; 'टोक पिळत होते, उत्तर उशिरा' असं लिहा. खाली नजर म्हणजे लपवाछपवी, हे तर विसराच. बीड-परभणीकडं कितीतरी घरांत सून थोरामोठ्यांसमोर नजर वर करत नाही, तो रिवाज. भावना शब्दांतून ७, आवाजातून ३८ आणि चेहऱ्यातून ५५ टक्के कळते, हे मानसशास्त्रज्ञ मेहराबियनचं सूत्रही इथं चालवू नका. १९६७ चे ते प्रयोग सुट्या शब्दांतून भावना ओळखण्यापुरतेच होते.

"आता कुणाला माझा त्रास नाही" असं कुणी शांतपणे म्हटलं, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो डोक्यात भरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक हाताशी असू द्या.