ट्रक-ट्रेलरची चाकं बॅलन्स करा, पण शिशाशिवाय

सोलापुरातून पुण्याकडे किंवा हैदराबादकडे निघालेली भरलेली गाडी राष्ट्रीय महामार्ग 65 वर तासन्‌तास 70-80 च्या वेगात असते. बॅलन्सिंगचा दोष, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसणं, नेमका याच वेगात कळतो. 40 ला काही जाणवत नाही, 60 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि 80 ला हात बधिर होतात. कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की चाकातल्या जड जागेचा ओढा चौपट होतो. 295/90आर20 टायरच्या रिमच्या कडेला 200 ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असेल, तर 80 च्या वेगाला ते साधारण साडेनऊ किलोचा हबका देतं, तोही सेकंदाला जवळजवळ सात वेळा. हा मार किंगपिन (पुढचं चाक वळतं तो खिळा), बेअरिंग, शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) आणि टायरची नक्षी मुकाट्याने खात असतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे शिशाचं वेट हातोडीने रिमवर ठोकायचं. शिसं मऊ आणि जड, त्यामुळे छोटा तुकडाही पुरतो आणि रिमच्या वळणावर नीट बसतो. पण ते खड्ड्यात निखळतं, रस्त्यावर चाकांखाली चिरडून त्याची विषारी भुकटी होते, आणि दुकानात ते हाताळणारा पोरगा त्याच हाताने डबा उघडतो. युरोपात कारच्या चाकांवरची शिशाची वेटं 2005 पासून बंद आहेत. शिसं टाळायचं तर तीन मार्ग आहेत: टायरच्या आत टाकायचे मणी, हबवर बसणारी बॅलन्सिंग रिंग, आणि पोलाद किंवा जस्ताची वेटं. तुमच्या गाडीला यातलं काय चालेल हे डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक, बघून ठरतं. ट्यूबलेस टायर असेल तर तिन्ही चालतात. ट्यूब, फ्लॅप (ट्यूबखालची रबरी पट्टी) आणि लॉक रिंगवाली (टायर अडवून धरणारी सुटी लोखंडी कडी असलेली) डिस्क असेल तर मणी बाद.

आधी हे बघा, मग पैसे खर्च करा

थरथरणारं प्रत्येक चाक बॅलन्सिंगनेच बरं होतं असं नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरा येत असेल तर ड्रम बघा. टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट बघा. नक्षीवर मधूनमधून खळगे पडले असतील तर बॅलन्स बिघडलेला असू शकतो, पण शॉकअब मेलेला किंवा हबचं बेअरिंग सैल असलं तरी अगदी असेच खळगे पडतात. म्हणून चाक उचलून वरखाली हलवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग माती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातून गाडी बाहेर आली की डिस्कच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो आणि वाळला की तो सिमेंटसारखा घट्ट होतो. बाहेरून चाक चकचकीत दिसतं, आत मात्र एकाच बाजूला पाव-अर्धा किलो माती असते. आधी खरवडून काढा, पाण्याने धुवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नक्षीत अडकलेले खडेही काढा.

आता चाक गोल आहे का ते बघा. ॲक्सल जॅकने उचलून घोडीवर ठेवा, दुसऱ्या चाकांना ठोकळे लावा. टायरच्या नक्षीसमोर एक स्थिर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खिळा टेकवा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. खिळा आणि टायरमधली फट फेरीत साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल, तर ते चाक कितीही वजन लावलं तरी उड्या मारणारच. हीच तपासणी टायरच्या बाजूलाही करा. बहुतेक वेळा दोष टायर बसवण्यात असतो. टायरवर रिमच्या कडेलगत एक बारीक गोल रेघ असते. रिमपासून तिचं अंतर चार जागी मोजा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टायर रिमवर सरळ बसलेला नाही. हवा पूर्ण सोडा, कडा मोकळ्या करा, साबणाचं पाणी लावा, टायर रिमवर अर्धी फेरी फिरवा आणि पुन्हा हवा भरा. नवीन टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी जागा दाखवतो. तो व्हॉल्व्हसमोर ठेवा.

लॉक रिंगवाल्या डिस्कमध्ये हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यातच हवं. पिंजरा नाही तर काम नाही. उडालेली रिंग माणूस मारते.

मणी: ट्यूबलेससाठी सगळ्यात सोयीचे

हे काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक, गोल, गुळगुळीत मणी असतात. गाडी वेग धरते, चाक पाट्यांवर बारीक हलायला लागतं आणि मणी आपोआप जड जागेच्या विरुद्ध बाजूला सरकून तिथे टिकतात. टायर झिजून जड जागा बदलली की तेही जागा बदलतात. हीच त्यांची खरी कमाई: वेट एकदाच ठोकलेलं असतं, मणी टायर संपेपर्यंत काम करतात. हळू वेगात ते काही करत नाहीत, त्यामुळे बाजार समितीच्या आवारात कांदा भरताना फरक शोधू नका.

प्रमाण टायरच्या मापावर ठरतं आणि पाकिटावरचा तक्ता हाच शेवटचा शब्द. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर 11आर22.5 किंवा 295/80आर22.5 साठी एका टायरला साधारण 300 ते 350 ग्रॅम लागतात. ट्रेलरच्या रुंद सिंगल टायरला याहून जास्त, 17.5 इंची टायरला कमी. किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घ्या, मुठीने नको. जोडचाकांत आतल्या आणि बाहेरच्या टायरला वेगवेगळं मोजून टाका.

टायर उघडा असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. रिमवरची सगळी जुनी वेटं काढा. टायरच्या आत पाणी, ग्रीस किंवा पंक्चरचं जुनं सीलंट असेल तर पूर्ण पुसून कोरडं करा. मणी तळाशी ओता, टायर बसवा. टायर बसवताना कडेला लावलेलं साबणाचं पाणी कमीत कमी ठेवा, आत ओघळलं की मण्यांचा लाडू होतो.

टायर न उतरवता टाकायचे असतील तर व्हॉल्व्हमधून जाणारे बारीक मणीच घ्या. चाक उचला, व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणा, हवा सोडून व्हॉल्व्हची पिन काढा. बाटलीला पारदर्शक नळी जोडून ती व्हॉल्व्हवर चढवा, बाटली वर उलटी धरा आणि नळीला टिचक्या मारत राहा. अडकले तर ढोसू नका, नळी काढून हवेचा छोटा झटका द्या. संपले की जुनी पिन परत लावू नका. मण्यांबरोबर जाळीवाली पिन मिळते, तीच लावा. साध्या पिनेत एक मणी अडकला तरी रात्रभरात चाक बसतं.

हवेचं बोलायचं तर कोरडी हवा ही इथली खरी अट आहे. जून-सप्टेंबरात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि ते थेट टायरमध्ये जातं. सकाळी टाकीचा खालचा नळ उघडून पाणी काढल्याशिवाय मण्यांच्या टायरला हवा भरू देऊ नका. हवा तपासताना व्हॉल्व्ह वर आणून ठेवा म्हणजे मणी खाली राहतात. आधी थोडी हवा आत मारा, मग गेज लावा. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची ‘जास्त झालेली’ हवा सोडणं ही चूक आहे, कारण टायर थंड झाल्यावर दाब कमी पडतो.

नवीन मणी टायरच्या आतल्या रबराला थोडे चिकटतात, त्यामुळे सुरुवातीला काही किलोमीटर थरथर राहिली तर घाबरू नका. आणि मण्यांचं चाक बॅलन्सिंग मशीनवर चढवून ‘खरंच झालं का’ बघू नका. मशीनचा शाफ्ट ताठ असतो, चाकाला हलायला वाव मिळत नाही, मणी जागा धरत नाहीत आणि दर वेळी वेगळाच आकडा येतो. तपासणी रस्त्यावरच करायची.

मण्यांच्या जागी वाळू टाकणारे महाभाग आहेत. वाळूच्या धारदार कणांनी टायरचं आतलं अस्तर घासून जातं आणि हवा कमी होण्याचं कारण कुणाला सापडत नाही. शॉट ब्लास्टिंगचे लोखंडी छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात.

रिंग: ट्यूबवाल्या चाकांसाठी

ही पोकळ रिंग असते, आत द्रवात पोलादी छर्रे. काम मण्यांसारखंच, पण टायरच्या बाहेर. टायर बदलला, रिमोल्ड केला, तरी रिंग गाडीवरच राहते. घेण्याआधी स्टड मोजा आणि समोरासमोरच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. दहा स्टडच्या चाकावर तेच माप लागतं. पुढच्या ॲक्सलला ती चाकाच्या मागे, स्टडवर चढते. बसवण्याआधी हब आणि डिस्कच्या टेकणाऱ्या बाजूंवरचा गंज आणि जाड रंग तारेच्या ब्रशने काढा. रिंगचा पत्रा पातळ असला तरी त्याने स्टडची लांबी खाल्लेली असते, म्हणून नट पूर्ण आट्यांवर बसून स्टड थोडा बाहेर दिसतोय ना ते बघा. दिसत नसेल तर रिंग लावू नका. नट समोरासमोर आवळा, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. 80-100 किलोमीटरवर पुन्हा आवळायचे: पुण्याकडे निघालात तर टेंभुर्णीला, हैदराबादकडे तर उमरग्याला. रिंगला दगडाने पोचा पडला की छर्रे अडकतात आणि तीच असमतोल करते.

पोलाद आणि जस्ताची वेटं

ही शिशापेक्षा हलकी असतात, म्हणून तेवढ्याच वजनाला तुकडा जवळपास दीडपट मोठा. ब्रेक कॅलिपरला किंवा शेजारच्या चाकाला घासत नाही ना, ते चाक फिरवून बघा. क्लिप रिमच्या कडेच्या आकाराचीच हवी, ठोकून वाकवलेली क्लिप पहिल्याच खड्ड्यात जाते. पोलादी वेट कोटिंगवालं घ्या, आणि लॉक रिंगवर कधीही ठोकू नका. एका चाकाला 400 ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर वजन लावत बसू नका, टायर रिमवर फिरवून बसवा.

खर्च टप्प्याने करायचा असेल तर आधी पुढची दोन चाकं करा, मग ट्रेलर. रिकामा ट्रेलर उसळतो आणि त्याच्या टायरवर खळगे लवकर पडतात. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांवर मात्र हा खर्च वाया आहे, त्या वेगाला बॅलन्सिंगचा प्रश्नच येत नाही.

मणी टाकलेल्या प्रत्येक डिस्कवर व्हॉल्व्हजवळ पांढऱ्या रंगाने ‘आत मणी’ आणि ग्रॅम लिहा. पंक्चरवाला टायर उघडताना ते सांडतात आणि झाडूबरोबर जातात. लिहिलेलं असलं की तो आधी बादलीत काढतो. मणी कोरडे असतील तर चाळून तेच परत टाका, ओले असतील तर फेकून द्या. एका टायरपुरतं पाकीट आणि एक जाळीवाली पिन केबिनमध्ये ठेवा.