रानात प्यायचं पाणी शुद्ध कसं करावं

पाण्याची किंमत सोलापूरकराला सांगायला नको. पण नान्नजकडचं माळरान असो की रात्रीची गाडी पकडून गाठलेला सह्याद्रीतला गड, पिशवीतलं पाणी संपलं की वाटेत दिसेल ते तोंडाला लावलं जातं. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही हगवण, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू असू शकतात.

सगळ्यात आधी पाणी कुठून घ्यायचं ते ठरवा. इथं चुकलं तर पुढं काहीही करून उपयोग नाही, कारण उकळून जंतू मरतात, फवारणीची औषधं आणि कारखान्याचं सांडपाणी जात नाही. म्हणून उसाच्या फडातून येणारा ओढा टाळा. हिरवा तवंग धरलेलं तळ्याचं पाणीही नको, काही शेवाळांचं विष उकळूनही टिकतं. त्यापेक्षा गावातला हापसा, रोज उपसा असलेली विहीर किंवा कातळातून ठिबकणारा झरा बरा. गडावर पिण्याचं टाकं कोणतं, हे पायथ्याच्या गावात विचारूनच वर चढा.

पाणी गढूळ असेल तर भांड्यात तासभर स्थिर ठेवा. तुरटी फिरवली की गाळ लवकर बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. मग वरचं पाणी अलगद ओतून जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरी घडीतून गाळा. साडी जुनीच घ्या, धुऊन धुऊन धागे फुगलेले असतात आणि छिद्रं बारीक होतात.

आता जंतू मारायचे. उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तशीच राहू द्या. महाराष्ट्रात कुठंही एवढं पुरतं, कळसूबाईसुद्धा 1646 मीटरच आहे, तीन मिनिटं लागतात ती 2000 मीटरच्या वर. मुक्कामी रात्री उकळून ठेवलं की सकाळी गार पाणी मिळतं. उन्हाळ्यात वाळल्या गवतात मात्र चूल किंवा स्टोव्ह पेटवू नका, ठिणगीनं सगळा माळ जातो.

तिथं क्लोरीनची गोळी कामाची. किती पाण्याला किती गोळ्या हे पाकिटावर बघा, त्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. गोळी विरघळली की झाकण किंचित सैल करून बाटली उलटी धरा आणि थोडं पाणी आट्यांमधून ओघळू द्या. ओठ तिथंच लागतात, आणि कच्चं पाणी तिथंच राहून जातं. मग घड्याळ लावून अर्धा तास थांबा. तहान कितीही लागली तरी थांबा.

फिल्टर असेल तर उत्तम, पण 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रं असलेल्या साध्या फिल्टरमधून विषाणू निसटतात. उलट क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, ते फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून वस्तीजवळच्या पाण्याला आधी फिल्टर आणि मग गोळी, असं दोन्ही करा.

काहीच जवळ नसेल तर ऊन आहेच. नितळ पाणी दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक प्लास्टिक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवा. ढगाळ हवेत दोन दिवस लागतात, तेव्हा चालत्या वाटेवर यावर विसंबू नका.

कच्च्या पाण्याची बाटली वेगळी ठेवा, तिला खूण करा. शौचाला पाण्यापासून किमान 60 मीटर लांब जा, आणि वन खात्यानं जनावरांसाठी भरलेल्या पाणवठ्यात हात घालू नका.