‘तुमचा संगणक चालणार नाही’ म्हटल्यावर काय करू नये

गेल्या चवथीला फोंड्याला मावशीकडे गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून हात धुतो न धुतो तोच मावसभावाने मला संगणकापुढे बसवलं. मशीनवर विंडोज ११ चालेल का ते तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने नकार दिला होता. ‘दादा, आता नवा घ्यावा लागणार ना?’ मशीन २०१८चं, दुकानातून जोडून घेतलेलं, प्रोसेसर आय३-८१००.

नवा कशाला? इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. नकार एकच दिसतो, पण त्याची कारणं दोन जातीची. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हे अनेकदा मशीनमध्ये असतात, नुसते बंद ठेवलेले असतात. प्रोसेसर मात्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसेल तर तिथे हात टेकावे लागतात. म्हणून ‘नाही’ म्हटलं की आधी कारण वाचा.

प्रोसेसर बघताना ‘आय७’च्या स्टिकरवर जाऊ नका. आय७-७५००यू म्हणजे सातवी पिढी, ती चालत नाही. आय३-८१०० आठवी, ती चालते. इंटेलची सीमारेषा साधारण इथेच आहे. एएमडीचं मात्र पूर्ण मॉडेल नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत ताडून पाहा, तिथे आकड्याचा अंदाज फसवतो. हे बघण्याआधी रॅम वाढवणारेही मी पाहिलेत. किमान गरज ४ जीबीचीच आहे (चालवायला ८ तरी हवेत, ही गोष्ट वेगळी), आणि रॅम वाढवल्याने प्रोसेसर यादीत जात नाही.

भावाने एक उद्योग आधीच करून पाहिला होता. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘लेगसी’ ही सुरू व्हायची जुनी पद्धत काढून ‘यूईएफआय’ ही नवी लावली, कारण सिक्युअर बूटला तीच लागते, आणि विंडोज सुरूच होईना. घरात सुतक पडल्यासारखं झालं म्हणे! सेटिंग पूर्ववत केल्यावर जीव भांड्यात पडला. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती. यूईएफआयवरून विंडोज सुरू व्हायला नवी जीपीटी पद्धत लागते. म्हणून क्रम असा: आधी बॅकअप, मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’ने डिस्क बदलायची, शेवटी यूईएफआय. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. बायॉसला हात लावल्यावर ती मागितली जाऊ शकते.

बायॉसमध्ये टीपीएम शोधताना ‘टीपीएम’ हा शब्दच शोधत बसू नका. इंटेलमध्ये तो ‘पीटीटी’, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ नावाने असतो. सुरू करून परत आलात आणि विंडोज अपडेटमध्ये अजून नकारच दिसला तर घाबरू नका, ते पान कधी कधी दिवसभराने ताजं होतं. हेल्थ चेक पुन्हा चालवा. आणि चार दिवसांनी सेटिंग आपोआप बंद झालेलं दिसलं, घड्याळही मागे पडलं, तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली असेल. सीआर२०३२ बहुतेक मशीनला चालते, तीच बदला.

हार्डवेअर पास झालं तरी एक गोष्ट राहते. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट विंडोज १०वरून थेट बढती मिळत नाही, नव्याने बसवावं लागतं. जत्रेच्या नाटकाच्या संहिता जुन्या १६-बिट प्रोग्रामात टाइप करणाऱ्यांनी तो आधी पाहावा, ६४-बिटवर तो उघडणारच नाही.

प्रोसेसरच बाद ठरला तर अडथळे चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या सांगणारे भेटतील. मी तो रस्ता धरत नाही, कारण अशा मशीनला पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केल्यास घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तोवर विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय आणि प्रिंटर चालतात का, हे त्यातच कळतं.