विद्यापीठात विषय निवडताना मंगळवारची दुपार बघा

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात मी तीन विषय नुसती नावं वाचून घेतले: तत्त्वज्ञानाचा इतिहास, मध्ययुगीन युरोप आणि कादंबरीचा अभ्यास. तिन्ही नावं भारदस्त, तिन्ही आवडीची. नवव्या आठवड्यात तिन्ही विषयांचे निबंध एकाच गुरुवारी द्यायचे होते. त्या आठवड्याचं वाचन मोजलं तर ६८० पानं भरली. निम्मीही वाचून झाली नाहीत. निबंध दिले खरे, पण मध्ययुगाच्या बाईंनी समासात लिहिलं, 'प्रकरण ४ वाचलेलं दिसत नाही.' दिसत नव्हतंच.

आता मी विद्यापीठातच नोकरी करते आणि सत्राच्या सुरुवातीला मुलं विषयांची यादी घेऊन माझ्यासमोर बसतात. 'मला मानसशास्त्रात रस आहे', 'मला खगोलशास्त्र आवडतं', असं सांगतात. मी विचारते, हा विषय घेतलास तर मंगळवारी दुपारी तीन वाजता तू काय करत असशील? पुस्तक वाचत असशील, क्रियापदं घोकत असशील, गणित अडलंय म्हणून भिंतीकडे बघत असशील, की लॅबमध्ये नळीतून थेंब पडायची वाट बघत उभी असशील? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता.

तेव्हा विषयाचं नाव हाताने झाकायचं आणि खालचा मजकूर वाचायचा. दर आठवड्याला काय करून द्यायचंय, गुण कशाला किती आहेत, वर्ग आठवड्यातून किती वेळा भरतो. या तीन गोष्टींवरून कामाची जात कळते. माझ्या हिशेबी जाती चारच: वाचून लिहायचं काम, रोजच्या रियाजाचं काम, गणितं सोडवायचं काम आणि हाताने करायचं काम. एका सत्रात एकाच जातीचे तीन विषय घेतले की माझ्यासारखी गत होते. वेगवेगळ्या जातीचे घेतले तर एकात डोकं थकलं तरी दुसऱ्याला बसता येतं.

वाचनाच्या विषयांत पानांच्या आकड्याने फसू नका. माझा स्वतःचा वेग सांगते, घड्याळ लावून मोजलेला: कादंबरीची तासाला ४० पानं, इतिहासाच्या लेखाची १५, तत्त्वज्ञानाची ७. म्हणजे 'दर आठवड्याला ५० पानं' हे वाक्य कादंबरीच्या वर्गात सव्वा तासाचं असतं आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात सात तासांचं. यादीतलं एखादं पुस्तक ग्रंथालयातून काढा, मधलंच कुठलं तरी पान उघडा आणि तासभर वाचून बघा. एवढं केलं असतं तर माझा तो गुरुवार टळला असता.

भाषेचा विषय म्हणजे रियाज. रोज पाऊण तास बसणाऱ्याला भाषा येते आणि रविवारी पाच तास बसणाऱ्याला येत नाही. त्यामुळे आठवड्यातून चार-पाच दिवस भरणारा वर्ग मिळत असेल, तर तो सकाळी आठचा असला तरी घ्या. आणि किती वेळ लागणार याची कल्पना असू द्या. अमेरिकेची परराष्ट्र सेवा आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांसाठी तिथला अंदाज असा, की फ्रेंच किंवा स्पॅनिशला वर्गातले ६०० ते ७५० तास, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना सुमारे २,२०० तास. एका सत्रात एका विषयाला १५० तास मिळतात असं धरलं, तर अरबीला अशी जवळपास १५ सत्रं लागतील. एका सत्रानंतर 'मला काहीच येत नाही' म्हणून रडत येणाऱ्यांना मी हा भागाकार करून दाखवते.

अर्थात आपलं खातं अगदी रिकामं नसतं. जर्मनला तीन लिंगं आहेत म्हणून वर्गातल्या निम्म्या मुलांना घाम फुटतो. तो, ती, ते म्हणत वाढलेल्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. जर्मनमध्ये 'मुलगी' या अर्थाचा नेहमीचा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून सगळे हसतात. आपण 'ते पोरगं' म्हणतो तेव्हा कोणी हसत नाही. लॅटिन, रशियन, संस्कृत यांतल्या विभक्त्यांचंही तसंच. तक्ते पाठ करावेच लागतात, पण नामाचं रूप बदलतं ही गोष्ट पचवायला आपल्याला वेगळा वेळ लागत नाही.

यादीत भाषांच्या शेजारी बसलेला, पण कामाने प्रयोगशाळेचा असलेला एक विषय म्हणजे ध्वनिविज्ञान, उच्चारांचा अभ्यास. मी तो साहित्याचा सोपा भाऊ समजून घेतला. पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला आपापल्या भाषेतले असे दोन शब्द आणायला सांगितले, ज्यांतलं एक अक्षर लिहिताना सारखं दिसतं पण तोंडात वेगळं होतं. मी 'चार' आणि 'चारा' नेले. सरांनी मला दोन्ही शब्द हळूहळू म्हणायला लावले आणि विचारलं, जीभ कुठे आहे? मोजायच्या 'चार'ला जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूकडे जात होता. गुरांच्या 'चारा'ला टोक दातांच्या मागे आपटत होतं. अक्षर एकच, जागा दोन. एकोणीस वर्षं मी ते दोन्ही च बोलत होते आणि मला पत्ता नव्हता. त्यानंतरचे सगळे आठवडे असेच गेले: ध्वनिमुद्रण करा, पडद्यावर आवाजाचे पट्टे मोजा, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहा. पुस्तक फारसं उघडावं लागलंच नाही. वाचायला आवडतं म्हणून आलेल्या दोघी तिसऱ्या आठवड्यात सोडून गेल्या. मला तो विषय इतका आवडला की पुढे त्यातच पदवी घेतली.

गणिताबद्दल एक इशारा. शाळेतलं गणित म्हणजे उत्तर काढणं. विद्यापीठात दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून ते सिद्ध करणं होतं. शाळेत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं इथे अडखळतात आणि आपली बुद्धी संपली असं समजतात. अडतं ते बहुधा वाक्याच्या रचनेपाशी. 'प्रत्येक कुलपाला कुठली ना कुठली किल्ली लागते' आणि 'अशी एक किल्ली आहे जी प्रत्येक कुलपाला लागते' ही दोन वाक्यं घ्या. शब्द जवळपास तेच, पण दुसरं खरं असेल तर चोराची चैन. सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येत एप्सिलॉन, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, आधी येतो आणि डेल्टा, म्हणजे त्यासाठी किती जवळ जायचं तो आकडा, मागून, यातली सगळी गोम हीच आहे: आधी कुलूप, मग त्याची किल्ली. हे कळायला मला एक पान आणि चार तास लागले. म्हणून गणिताच्या वर्गाचं वाचन 'फक्त तीन पानं' दिसलं तर खूश होऊ नका.

हाच क्रमाचा धडा तर्कशास्त्राच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि तर्कशास्त्र तीन दारांनी शिकता येतं: तत्त्वज्ञान, गणित आणि संगणकशास्त्र. संख्याशास्त्राला तर त्याहून जास्त दारं. मानसशास्त्रवाले प्रश्नावलीची आकडेमोड करून शिकवतात, जीवशास्त्रवाले प्रयोगाची मांडणी करत, गणितवाले संभाव्यतेच्या प्रमेयांपासून. यादी वाचताना एकाच विभागाची वाचू नका. हवा तो विषय दुसऱ्या कुठल्या विभागाच्या पोटात लपलाय का ते शोधा आणि जे काम जमतं त्या दाराने आत शिरा. नाही तरी विभागांच्या या भिंती हलत आल्या आहेत. मध्ययुगीन युरोपातल्या सात विद्यांमध्ये व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व एका गटात होते, आणि अंकगणित, भूमिती, खगोल यांच्या पंगतीला चौथं संगीत होतं.

मिश्रण कशाला करायचं, एकाच रांगेतले विषय का नकोत, असं पालक विचारतात. त्यांना मी दोन खोटी कागदपत्रं सांगते. पहिलं, सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेचं राज्य दान केल्याचा दस्तऐवज. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्लाने तो बनावट ठरवला, आणि त्याचं मोठं हत्यार होतं लॅटिनचं ज्ञान. चौथ्या शतकातल्या रोमच्या म्हणवणाऱ्या कागदात 'सत्रप' हा इराणी सुभेदारांचा शब्द कसा आला, असं त्याने विचारलं. दुसरं, येल विद्यापीठाकडचा विनलँड नकाशा. कोलंबसाच्या आधीच उत्तर अमेरिकेचा किनारा दाखवणारा म्हणून १९६५ मध्ये तो गाजला. त्याचं चर्मपत्र खरोखरच पंधराव्या शतकातलं आहे. शाईत मात्र टायटॅनियमचं असं संयुग निघालं जे १९२० च्या दशकापासून बनायला लागलं, आणि २०२१ मध्ये येलनेच नकाशा बनावट असल्याचं जाहीर केलं. प्रश्न दोन्हीकडे इतिहासाचाच. पहिल्याला भाषा लागली, दुसऱ्याला रसायनशास्त्र. इतिहास मुख्य विषय असलेल्या मुलाने एक भाषा आणि एक प्रयोगशाळेचा विषय घेतला तर तो भरकटला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही, हे दोन कागद पुढे करते.

आता हिशेब. क्रेडिट म्हणजे तास, हे आधी डोक्यात पक्कं करा. युरोपच्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला एकूण २५ ते ३० तासांचं काम धरतात, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. म्हणजे ६ क्रेडिटचा विषय १५० ते १८० तासांचा, पंधरा आठवड्यांत वाटला तर आठवड्याला १० ते १२ तास. तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल तर तिचा आकडा घ्या, पण भागाकार कराच. असे पाच विषय घेतलेत तर आठवड्याला ५० ते ६० तास होतात. त्यात झोप कुठे बसते बघा.

लॅबचं गणित याहून लबाड असतं. कागदावर तीन तासांचं प्रॅक्टिकल, क्रेडिट एक किंवा दोन. पण आधीची तयारी, उपकरण मागच्या बॅचने बिघडवलेलं असलं तर अर्धा तास, फेरमोजणी, आणि मग रिपोर्ट. ब्युरेटमधला, म्हणजे थेंब सोडायच्या नळीतला, शेवटचा थेंब जास्त पडून द्रावण फिकट गुलाबीऐवजी गडद गुलाबी झालं की ते टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजत केलेली ती मोजणी, पुन्हा करायची. घाईत असाल तर हटकून दोनदा. मी लॅबच्या दिवशी संध्याकाळी दुसरं काहीही ठेवत नव्हते. शिवाय लॅब अख्खी दुपार अडवते, त्यामुळे वेळापत्रक मांडताना आधी लॅब बसवा, मग रोजची भाषा, आणि उरलेल्या जागेत व्याख्यानाचे विषय. उलट केलंत तर शेवटी काहीच बसत नाही.

पूर्वअटी वाचायची दिशाही उलटी आहे. शेवटच्या वर्षात कुठला विषय शिकायचाय तो आधी ठरवा आणि त्याच्या शेपटीला धरून मागे या. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) हवी असेल तर रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स) आणि अभिजात यामिकी (न्यूटनची मेकॅनिक्स) आधी लागतात, आणि त्यातल्या शेवटच्या दोघांच्या मुळाशी कलनशास्त्र (कॅल्क्युलस). म्हणजे कलनशास्त्र पहिल्याच सत्रात. ऐतिहासिक भाषाविज्ञान हवं असेल तर ध्वनिविज्ञान आणि एखादी जुनी भाषा. यात खड्डा असा, की वरच्या वर्गाचे बरेच विषय एक वर्षाआड शिकवतात. विभागाच्या कार्यालयात जाऊन 'हा पुन्हा कधी?' असं तोंडी विचारा. मी विचारलं नाही, यादीवर विश्वास ठेवला, आणि एका विषयासाठी वर्षभर थांबले. यादी छापणाऱ्यांनी मागच्या वर्षीचीच उचलली होती.

विषय पक्के करायच्या आधी एका मोठ्या कागदावर पंधरा रकाने आखा, आठवड्याला एक. प्रत्येक विषयाच्या निबंधाची, चाचणीची आणि रिपोर्टची तारीख त्यात लिहा, विषयागणिक वेगळ्या रंगाने. आठवा-नववा आणि शेवटचे दोन रकाने भरगच्च होणारच. एका रकान्यात तीन रंग आले तर शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून तारीख पुढेमागे होते का विचारा. पहिल्या आठवड्यात विचारणाऱ्याला बहुतेक जण हो म्हणतात. नवव्यात विचारणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

सुरुवातीला विषय बदलायची जी मुदत असते, तिच्यात घ्यायचेत त्यापेक्षा दोन जास्त वर्गांना जाऊन बसा. शिक्षकांना 'विषय अवघड आहे का' विचारू नका, त्याला उत्तर नसतं. 'मागच्या वर्षी ज्यांचा विषय राहिला, ते कशात अडकले?' हे विचारा. एका रसायनशास्त्राच्या सरांनी मला क्षणाचाही विचार न करता सांगितलं, 'लॉगरिदममध्ये.' मी घरी जाऊन लॉगरिदम काढून बसले.

आणि एक वर्ग बिनगुणांचा ठेवा, नुसता ऐकायला. शिक्षकांची परवानगी घ्यायची, मागच्या बाकावर बसायचं, परीक्षा नाही. मी अशी जुनी लॅटिन हस्तलिखितं वाचायच्या वर्गात बसायचे. सहा आठवडे गेले, मग लॅबचे रिपोर्ट अंगावर आले आणि जाणं सुटलं. तोवर लांब दांड्याचा एस आणि एफ यांतला फरक ओळखता यायला लागला होता: एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, एसची गेलीच तर डावीकडेच थांबते.